पीएनआर दिसतो म्हणजे तिकीट निघालंय असं समजू नका

२,७०,९०० रुपये. तिकिटांचे २,३६,४००, विम्याचे २८,५०० आणि व्हीलचेअरचे म्हणून ६,०००. सांगलीतल्या एका ट्रॅव्हल एजंटाने आमचे हे पैसे गिळले. आकडे मुद्दाम देते आहे, कारण ओळखीपाळखीत कुणी दहा लाख गेले म्हणतं, कुणी पन्नास हजार.

लेक न्यू जर्सीत असते. नोव्हेंबरात तिचं पहिलं बाळंतपण होतं. व्हिसाचं सगळं तिनेच तिकडून केलं. फॉर्म भरला, माणशी १८५ डॉलर फी भरली, तारखा घेतल्या. मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली आणि दोघांनाही व्हिसा मिळाला. तिकिटंसुद्धा तीच काढणार होती. पण ती अवघडलेली, आणि जावयांच्या पैशाने जाणं ह्यांना मुळीच पटेना. आमचं तिकीट आम्ही काढू म्हटलं, ह्यात गैर काय होतं?

आणि आंधळेपणाने कुणाच्या हातात पैसे ठेवले नाहीत. विश्रामबागमध्ये त्याचं रीतसर ऑफिस होतं, पाटी होती, कामाला दोन मुली होत्या. आमच्याच सोसायटीतलं एक जोडपं त्याच्याकडून तिकिटं काढून मेलबर्नला मुलाकडे जाऊन आलं होतं. त्यांना विचारलं तर म्हणाले, माणूस चोख आहे. त्यांचं काम त्याने चोखच केलं होतं, त्या जोरावरच पुढची गिऱ्हाइकं येतात. "माझा जाऊन आलाय" हे ऐकून कुणी निर्धास्त होऊ नका.

चेक द्यायला ह्यांनी चेकबुक काढलं, तर म्हणाला, "काका, चेक वटेपर्यंत भाडं वाढेल, यूपीआय करा." दिवसाची मर्यादा लाखाची, म्हणून ओळीने तीन दिवस पाठवले. लाख, लाख आणि ३६,४००. पाठवताना मोबाइलवर फर्मचं नाव न येता एका बाईचं नाव आलं. ह्यांनी लगेच विचारलं. "मिसेसचं खातं आहे काका, फर्मच्या खात्यात लिमिट संपलंय." तिथल्या तिथे छापील पावती दिली, सहीशिक्क्यासकट. बायकोच्या नावावर दुकानाचं खातं असणारे सांगलीत कमी आहेत का?

आता खरी गोष्ट, जी आठवली की अजून रात्रीची झोप उडते. पैसे पोचल्यावर त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली. विमान कंपनीची स्वतःची वेबसाइट उघडली, सहा अक्षरांचा पीएनआर, म्हणजे बुकिंगचा नंबर, आणि ह्यांचं आडनाव टाकलं, आणि आमची दोघांची नावं समोर आली. मुंबई ते नेवार्क, मध्ये एक थांबा, ६ नोव्हेंबर. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे. ह्याच्यापेक्षा जास्त खात्री माणसाने काय करून घ्यायची? त्याचा कागद घरी आणला, त्याचा फोटो लेकीला पाठवला. तिने दुसऱ्या दिवशी विचारलं, "आई, ह्यावर ई-तिकीट नंबर कुठे आहे?" मी त्याला फोन केला. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काकू, सिनियर सिटिझनची तिकिटं ग्रुपमध्ये असतात. नंबर प्रवासाच्या बहात्तर तास आधी पडतो." मी लेकीला तेच सांगितलं. ती दवाखान्यात निघाली होती, म्हणाली, बरं. तिथे सगळं सुटलं. तेव्हा मी एक फोन विमान कंपनीला केला असता, नुसता एक फोन! पण समोरचा माणूस इतका घरच्यासारखा बोलत असताना त्याच्या पाठीमागे चौकशी करायची हे आमच्या पिढीला जमत नाही, आणि हे ह्या लोकांना नेमकं माहीत असतं.

बहात्तर तास आधी नंबर पडतो, असं काही नसतं. एजंट पैसे न भरता जागा नुसती धरून ठेवू शकतो. तेवढ्यावर पीएनआर तयार होतो, वेबसाइटवर नावं दिसतात. मुदतीत तिकीट काढलं नाही की कंपनी ते बुकिंग आपोआप रद्द करते. पैसे भरून तिकीट निघालं की त्याला तेरा आकडी नंबर पडतो. पहिले तीन आकडे कंपनीचे असतात, एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, कतारचे १५७. तो नंबर कागदावर नसेल तर तुमच्याकडे तिकीट नाही. आणि नंबर असला तरी कंपनीला फोन करून विचारा, कारण निघालेलं तिकीट मागाहून रद्द करून पैसे परत घेणारेही आहेत.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी हॉलमध्ये चार बॅगा उघड्या पडलेल्या. वजनाच्या काट्यावर एकेक चढवून तेवीस किलोत बसवत होते. डिंकाचे लाडू, अळीव, सुंठपूड, बाळंतविडा, बाळाची जुन्या लुगड्याची दुपटी. हे चेक-इन करायला बसले होते. म्हणाले, "अगं, बुकिंग सापडत नाही म्हणतोय." अक्षरं चुकली असतील म्हणून मी वाचून दाखवली, त्यांनी परत टाकली. तेच. एजंटाचा फोन बंद. रिक्षा करून ऑफिसला गेलो तर शटरला कुलूप, आणि बाहेर आमच्यासारखेच तिघे उभे. विमान कंपनीने सांगितलं, हे बुकिंग ऑगस्टमध्येच रद्द झालंय. व्हीलचेअरचं विचारलं तर म्हणाले, ती मदत आधी कळवली की मिळते, तिचे पैसे घेतच नाही. विम्याच्या कंपनीने सांगितलं, ह्या नंबरची पॉलिसी आमची नाही. बीपी, शुगर सगळं कव्हर आहे म्हणून त्याने तो कागद दिला होता. तो घेऊन आम्ही तिकडे जाऊन पडलो असतो तर? पॉलिसीचा नंबर स्वतः कंपनीला विचारा, एजंटाने दिलेल्या फोनवर नाही.

जावयांनी नवी तिकिटं काढली. ऐनवेळची, ३,१८,००० रुपयांना. ज्या पैशाला आम्ही नको म्हणत होतो तेच घ्यावे लागले. आम्ही पोचायच्या आधी नात झाली. लेक दवाखान्यात एकटीच होती, जावई तेवढे.

आणि पोलिसांचं काय सांगू! निघण्यापूर्वी पोलीस ठाण्यात गेलो. पावत्या, स्क्रीनशॉट, सगळं फाइल करून नेलं. म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, हे सायबरचं. सायबरवाले म्हणाले, ओटीपी कुणी घेतला नाही, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, समोर ऑफिस होतं, हे आमचं नाही, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर म्हणे, हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक आयोगात जा. एकाने ह्यांना तोंडावर विचारलं, "काका, शिकलेली माणसं तुम्ही, एवढं कसं कळलं नाही?" हे हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत. बाकावर मान खाली घालून बसले होते. चोर कुलूप लावून पळाला आणि मान आम्ही खाली घालायची? बँकेचं एकच पालुपद, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. दोन महिन्यांपूर्वीच्या पैशाला १९३० ह्या सायबर हेल्पलाइनचाही उपयोग नव्हता. तिथे लगोलग फोन केला तरच पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात.

परत आल्यावर भाच्याने, तो वकील आहे, सांगितलं की हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) कलमाखाली फसवणुकीचा सरळ गुन्हा आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवायचं, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. एफआयआर नाकारणाऱ्या एकाही माणसाने हे आम्हाला सांगू नये? अधीक्षकांना रजिस्टर एडीने अर्ज पाठवलाय, पोच आली आहे, उत्तर नाही. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार घातली. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी लागत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. त्याला गेलेली नोटीस "पत्त्यावर नाही" म्हणून परत आली.

त्या दिवशी शटरसमोर भेटलेल्या तिघांपैकी एकानेच आमच्याबरोबर अर्जावर सही केली. बाकीच्यांना लोक काय म्हणतील ह्याची भीती. विश्रामबागच्या त्या ऑफिसची, बाईच्या नावाच्या यूपीआयची पावती कुणाकडे असेल तर फाडू नका. बँकेतून यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, काढून ठेवा आणि अधीक्षकांकडे तुमचाही अर्ज द्या. एका म्हाताऱ्या जोडप्याचा अर्ज ते बाजूला ठेवतात, दहा जणांचे आले तर ठेवता येणार नाहीत.