रनीमीड: सनद सोडून बाकी सगळं

मॅग्ना कार्टा, म्हणजे सरदारांनी इंग्लंडच्या जॉन राजाकडून मान्य करून घेतलेली हक्कांची सनद, बघायला लंडनजवळच्या रनीमीडला निघाला असाल तर आधीच सांगतो, ती तिथे नाही. 1215 च्या चारच प्रती उरल्यात: दोन लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकनला, एक सॉल्झबरीला. काळा कोट घालून 30 वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाला एवढं माहीत असायला हवं होतं. नव्हतं.

एगम स्टेशनवर उतरून चालत गेलो. थेम्सकाठचं ओलं कुरण, शेजारच्या रस्त्यावर गाड्यांची घरघर. प्रवेश फुकट, गाडी लावायचे मात्र पैसे. सरदारांनी जॉन राजाला शिक्का मारायला लावला ती नेमकी जागा कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे कुठेही उभं राहून फोटो काढा. सनदेचं मुख्य स्मारकही इंग्रजांचं नाही. अमेरिकन वकिलांच्या संघटनेने 1957 साली बांधलेलं. वर टेकडीवर केनेडींचं स्मारक, आणि तिथली एकरभर जमीन ब्रिटनने अमेरिकेलाच देऊन टाकलीय! नरसिंह रावांनी 1994 साली लावलेलं ओकचं झाडही आहे. त्याच्या पाटीवर आपल्या संविधानाचा उल्लेख वाचला आणि उगाच कॉलर ताठ झाली.

पण जायचं ते खुर्च्यांसाठी. उघड्या कुरणात मांडलेल्या कांशाच्या 12 खुर्च्या, शिल्पकार ह्यू लॉक यांनी 2015 साली, सनदेच्या आठशेव्या वर्षी केलेल्या. नाव ‘द ज्युरर्स’, म्हणजे ज्यूरीत बसून खटल्याचा निकाल देणारे सामान्य नागरिक. हात लावू नका वगैरे काही नाही, खुशाल बसा. ज्यूरीपुढे उभं राहायचा योग मला कधी आला नाही. नौदल अधिकारी नानावटींच्या खून खटल्यानंतर ती पद्धत आपल्याकडून हळूहळू गेलीच. एका खुर्चीवरच्या नक्षीत कॉर्नेलिया सोराबजी भेटल्या. जन्म नाशिकचा, ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पहिली बाई. परीक्षा दिली 1892 ला, पण बायकांना पदवी द्यायला त्या विद्यापीठाला 1920 उजाडलं. न्याय विकणार नाही, नाकारणार नाही, लांबवणार नाही, हे सनदेचं चाळिसावं कलम. मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

टेकडीच्या पायथ्याशी एका गोल इमारतीत पाण्याभोवती एकोणचाळिसावं कलम (कायद्याविना कुणाला कैद नाही, ते) उलट कोरलंय, ते प्रतिबिंबात सुलट वाचायचं. कल्पना नामी, फक्त पाणी हललं की कायदा पुसट होतो.

अर्धा दिवस पुरतो. बूट जुने घाला, चिखल फार. बायकोचं मत वेगळं पडलं: “खुर्च्याच बघायच्या होत्या, तर तुमच्या कोर्टात काय कमी आहेत?”