खेळण्यातल्या आगगाडीसाठी पॅलेटचं पाइन की सुताराकडचं सागवान?

घरच्या घरी लाकडी आगगाडी करायला हत्यारं फार लागत नाहीत. अडतं ते लाकडाच्या निवडीशी. पुण्याच्या आसपास टाकाऊ लाकूड मुख्यतः दोन ठिकाणी हाती लागतं: भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून भंगारात निघालेली पॅलेट (माल रचून ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटी) आणि फर्निचरचं काम चालू असलेल्या सुताराकडे पोत्यात साठलेले सागवानी तुकडे. मी दोन्हींच्या गाड्या केल्या आहेत, म्हणून हा आढावा.

पॅलेटचं पाइन हलकं, करवतीला मऊ, आणि लांब सरळ फळ्या मिळतात. उचलण्याआधी शिक्का मात्र बघा. गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाशेजारी ‘एचटी’ असेल तर ते लाकूड उष्णता देऊन किडमुक्त केलेलं असतं. गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. ते खेळण्यासाठी नकोच. शिक्का नसलेल्या, तेलकट डाग पडलेल्या फळीवरून काय काय वाहून नेलं असेल कोण जाणे, मी ती सोडून देतो. पॅलेटचे पिळाचे खिळे उपसत बसण्यापेक्षा दोन खिळ्यांमधला भाग कापून घेतलेला बरा.

सागवानाचे तुकडे बहुधा वीतभरच असतात. पण माथेरानच्या गाडीसारखे आखूड डबे करायचे तर तेवढी लांबी पुष्कळ झाली. त्रास दोन. एक म्हणजे या लाकडात अंगचं तेल असतं, त्यामुळे फेव्हिकॉल नीट धरत नाही. जोडायच्या जागी थिनरचा बोळा फिरवून, ती जागा सुकल्यावर लगेच चिकटवावं लागतं. इंजिनाच्या बॉयलरला तर मी खालून एक स्क्रूही देतो. दुसरं म्हणजे भुसा. नाकाला झोंबतो, कुणाकुणाच्या कातडीलाही खाज सुटते. मास्क हवाच. आणि सागवान म्हणजे जुन्या दारा-चौकटीचं नव्हे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं (90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची मर्यादा आपल्याकडे 2017 पासून लागू झाली), आणि पॉलिश पेपर मारला की तीच धूळ घरभर होते. रंग न लागलेले ताजे तुकडेच मागा.

इथपर्यंत पारडं पाइनकडेच झुकेल, मान्य आहे. माझं मन फिरलं ते आसाच्या भोकामुळे.

पाइनमध्ये वर्षावर्षाच्या वाढीचे पट्टे असतात, एक मऊ, एक कडक. हातड्रिलचं टोक कडक पट्ट्यावर टेकलं की घसरतं आणि शेजारच्या मऊ पट्ट्यात शिरतं. सरकतं मिलिमीटरभरच, पण डब्याला दोन आस, म्हणजे भोकांची चार तोंडं, आणि ती एका पातळीत आली नाहीत की डबा तीन चाकांवर उभा. चौथं हवेत. ओढलं की गाडी एका अंगाला जाते आणि मागचे डबेही तिच्यामागून तिरके येतात. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही, मूल मात्र जमिनीला गाल टेकवून बघतं आणि विचारतं, “बाबा, हे चाक का फिरत नाही?” शिवाय भोक डब्याच्या खालच्या कडेलगत असतं, तिथे पाइन हमखास चिरतं.

उपाय आहेत. आधी टोच्याने खूण खोल करायची, मग दोन मिलिमीटरचं बारीक भोक, मग मोठं. खाली टाकाऊ फळी धरायची. फरक पडतो, पण प्रत्येक डब्याला हे सगळं करताना मला कंटाळा आला. वलयं सागवानातही असतात, तरी माझ्या हाताला मऊ-कडकाचा एवढा फेर जाणवला नाही. ड्रिल धरलं तिथेच उतरलं. भोक आतून गुळगुळीत, आस सहज फिरतो. माझ्या हातातही दोष असेल. ज्यांच्याकडे ड्रिल-स्टँड आहे त्यांना ही तक्रार फारशी पटणार नाही. त्यांनी खुशाल पाइन घ्यावं.

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर सागवानाचं वजन पायावर पडण्याचा विचार करावा, आणि चाकं मोठीच करावीत. डबे जोडायला लोहचुंबक लावू नका. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्यांच्या पडद्याआडून एकमेकांना ओढतात, प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जातं. दोरीची गाठ पुरते.

तर मी इंजिन आणि डबे सागवानाचे करतो. पाइन आणतो ते रुळांसाठी. तिथे लांबी लागते आणि भोक एकही पाडावं लागत नाही.