मार्केटिंग मॅनेजरचं जॉब अ‍ॅनालिसिस : दहा महिन्यांनंतरचा अनुभव, मुख्यतः एका रकान्याबद्दल

आम्ही नेमलेल्या मार्केटिंग मॅनेजरने चौथ्या महिन्यात राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, मला पोस्ट आणि एजन्सी सांभाळायला घेतलंत, आणि जाब विचारलात नफ्याचा." हे मला लागलं. कारण जाहिरात, मुलाखतीचे प्रश्न, जेडी (पदाच्या कामाचं लेखी वर्णन), सगळं मी केलेल्या जॉब अ‍ॅनालिसिसवरून, म्हणजे त्या पदावर नेमकं काय काम असतं याच्या अभ्यासावरून, उतरलं होतं. त्या रात्री ती एक्सेल फाइल पुन्हा उघडली.

पद्धत एचआरमधल्या कुणालाही माहीत असलेलीच. एका सल्लागार संस्थेकडून तयार फॉर्म विकत घेतला होता. कामांची यादी करायची, प्रत्येक कामासमोर 'किती वेळा' याला १ ते ५ गुण, 'किती महत्त्वाचं' याला १ ते ५ गुण, आणि शेवटच्या रकान्यात दोन्हींचा गुणाकार. गुणाकार मोठा, ते काम वर. वरची दहा कामं जेडीत जातात.

आता आमच्या फाइलमध्ये काय झालं होतं ते पाहा. वर्षाच्या किमती ठरवणं : वारंवारता १, महत्त्व ५, गुणाकार ५. एजन्सीच्या मेलना उत्तरं देणं : वारंवारता ५, महत्त्व २, गुणाकार १०. सोशल मीडियाच्या पोस्ट मंजूर करणं : ५ गुणिले ३, म्हणजे १५. ज्या एका निर्णयावर कंपनीचं अख्खं वर्ष उभं राहतं, तो निर्णय मेलांच्या खाली गेला. वार्षिक बजेटचंही तेच. वरच्या दहांत जे उरलं ते को-ऑर्डिनेटरचं काम होतं, आणि आम्ही तेवढ्याच कामासाठी माणूस निवडला. तो त्या कामात चांगलाच होता. किंमतवाढीच्या बैठकीत सेल्स हेडने आकडे मागितले तेव्हा मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याबद्दल मुलाखतीत त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

सुरुवातीला माझा राग ओ-नेटवर निघाला. कामांची मूळ यादी तिथूनच घेतली होती. अमेरिकेच्या श्रम खात्याचा हा डेटाबेस फुकट आहे, आणि मार्केटिंग मॅनेजर्सचा कोड ११-२०२१.००. पहिल्या महिन्यात मी टिपणात लिहिलं होतं, 'फार ढोबळ, उपयोग कमी.' उत्पादनांच्या याद्या तयार करणं आणि किमतीचं धोरण आखणं एकाच यादीत शेजारी बसलेलं पाहून मला ते बेजबाबदार वाटलं होतं.

ते मत मी मागे घेते आहे. राजीनाम्यानंतर ओ-नेट कामांची वर्गवारी कशी करतं ते नीट वाचलं. एखादं काम मुख्य ठरायला दोन अटी आहेत : त्या पदावरच्या निदान ६७ टक्के लोकांनी ते आपल्या कामाचा भाग आहे असं सांगितलेलं असावं, आणि महत्त्वाची सरासरी ५ पैकी ३ किंवा जास्त असावी. वारंवारता तिथेही विचारतात, 'वर्षातून एकदा किंवा कमी' पासून 'तासाला एकदा किंवा जास्त' पर्यंत सात पायऱ्यांत. पण ती वेगळी ठेवतात, महत्त्वात मिसळत नाहीत. म्हणजे फुकटच्या यादीत जी काळजी घेतली होती, ती पैसे मोजून घेतलेल्या फॉर्मने पुसून टाकली. याची चीड अजून गेलेली नाही.

दुसऱ्या फेरीत मी गुणाकाराचा रकाना काढला आणि त्या जागी एक प्रश्न घातला : हे काम चुकलं तर काय बिघडतं, आणि निस्तरायला किती वेळ लागतो? किंमत ठरवणं लगेच सगळ्यांत वर आलं. वारंवारता ठेवली आहे, पण हाताखाली किती माणसं लागतील हे ठरवण्यापुरती. तिथे ती खरंच उपयोगी पडते.

सगळ्यांत जास्त हाती लागलं ते प्रसंग विचारण्यातून. ही पद्धत जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली मांडली. तिचा पाया त्यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या अभ्यासात होता. मी सेल्स, फायनान्स आणि प्रॉडक्टच्या लोकांकडे गेले आणि एवढंच विचारलं : या पदावरच्या माणसामुळे काम सावरलं किंवा बिघडलं असा एक प्रसंग सांगा. परिस्थिती काय होती, त्याने नेमकं काय केलं, पुढे काय झालं? 'लीडरशिप हवी', 'कम्युनिकेशन चांगलं हवं' असली उत्तरं मी लिहूनच घेतली नाहीत. प्रसंग येईपर्यंत थांबले.

बहुतेक प्रसंग तीन जागी येऊन मिळाले : किंमत, लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकांच्या चौकशा, कच्च्या की पक्क्या यावरून सेल्सशी होणारा वाद, आणि चालू कॅम्पेन मध्येच थांबवणं. हे तिसरं काम माझ्या कोणत्याही यादीत नव्हतं. कामांच्या याद्यांत काय करायचं ते असतं, काय थांबवायचं ते सहसा नसतं. फायनान्सच्या सहकाऱ्याने सांगितलं, पूर्वीच्या मॅनेजरने निम्मं बजेट खर्च झालेलं असताना कॅम्पेन बंद केलं होतं, कारण चौकशा येत होत्या पण ऑर्डर येत नव्हत्या. आता ही परिस्थिती आम्ही मुलाखतीत आकड्यांसकट समोर ठेवतो.

बाकीचं थोडक्यात. दोन आठवड्यांची कामाची डायरी करून पाहिली. चौथ्या दिवसापासून लोक अंदाजाने भरायला लागले, आणि वर्षातून एकदा येणारं काम दोन आठवड्यांत दिसणारही नाही. पीएक्यू (पोझिशन अ‍ॅनालिसिस क्वेश्चनेअर) चाळली. सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांना लागू पडावी म्हणून बनवलेली जवळपास दोनशे मुद्द्यांची प्रश्नावली, भाषा जड. बाजूला ठेवली. पदावरच्या माणसाने स्वतःच्या कामाला दिलेले महत्त्वाचे गुण चढेच निघाले, म्हणून वरिष्ठ आणि शेजारच्या विभागाचे गुण वेगळ्या रकान्यांत घेते. सरासरी काढत नाही, फरक दिसला की दोघांना एकत्र बसवते.

नव्या मॅनेजरला येऊन सहा आठवडे झालेत. किमतींचा प्रश्न अजून आलेला नाही, त्यामुळे निवड जमली असं मी आज म्हणणार नाही. पण तिने दुसऱ्याच आठवड्यात एक कॅम्पेन थांबवायचं का असं विचारलं, आणि सोबत प्रत्येक ऑर्डरमागे झालेल्या खर्चाचा तक्ता आणला.

फॉर्मवाल्या संस्थेला गुणाकाराबद्दल दोनदा सविस्तर लिहिलं, आमची उदाहरणं जोडून. 'सगळेच असंच वापरतात' असं उत्तर आलं. मागच्या महिन्यात त्यांनी नवी आवृत्ती पाठवली, त्यात तो रकाना पासवर्ड लावून लॉक केलेला आहे. मी रकाना काढलेली जुनी फाइलच वापरते आहे, आणि या वर्षी नूतनीकरणाचे पैसे भरलेले नाहीत.