निवाऱ्यातून बाहेर पडताना: वस्तीतली खोली की नालासोपाऱ्याचं घर?

बेघरांच्या निवाऱ्यातलं कुटुंब बाहेर पडायला तयार आहे, डिपॉझिटचे पैसेही कसेबसे जमलेत. आता खोली कुठे घ्यायची? दादर-माटुंग्याच्या फुटपाथवरून निवाऱ्यात आलेल्या कुटुंबांसाठी आमच्या छोट्या गटाने दोन्ही करून पाहिलं: वडाळा-अँटॉप हिलकडच्या वस्तीत माळ्यावरची खोली आणि नालासोपाऱ्यात वन रूम किचन. तुमचं गणित वेगळं असू शकेल.

पैशांत नालासोपारा सरळ पुढे. वस्तीत आम्हाला जवळजवळ दीडपट भाडं पडलं आणि त्यात मिळालं काय, तर उभी लोखंडी शिडी, पिंपात साठवायचं पाणी, पैसे देऊन जायचा संडास आणि मालकाच्या सबमीटरवरची वीज, तीही त्याच्याच दराने. तिकडे संडास-मोरी घरात, आतून कडी. निवाऱ्यात चादरीच्या आडोशाने कपडे बदललेल्या बाईसाठी ती कडी काय असते, हे तुम्ही पाहिलंच असेल.

कागदांचंही तेच. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नालासोपाऱ्यात एजंटच सगळं करून देतो. वस्तीतला मालक म्हणतो, ‘कागदबिगद कशाला, विश्वासावर राहा की.’ मग आधारवरचा पत्ता लटकतो. (रेशनची चिंता मात्र नको, कार्ड आता कुठल्याही दुकानात चालतं.)

एवढं असूनही माझा कल वस्तीकडे आहे, आणि त्याला कारण एक कुलूप.

नालासोपाऱ्याला गेलेलं एक कुटुंब गजऱ्यांवर जगणारं. पहाटे दादरच्या फूल मंडईतून मोगरा उचलायचा, दुपारभर ओल्या फडक्यावर बसून ओवायचा, संध्याकाळी सिग्नलला विकायचा. उरलेला गजरा सकाळी तपकिरी पडतो, म्हणून शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत हलता येत नाही. त्यानंतर दोन पोरं, टोपली घेऊन विरार लोकल, आणि काही तासांत पुन्हा उलटा प्रवास. आधी आठवड्यातल्या एक-दोन रात्री दादरलाच निघू लागल्या, मग बहुतेक सगळ्याच. खोलीवर जायचं ते रविवारी, धुणं धुवायला. एके दिवशी बाई म्हणाली, “दादा, आपण भाडं कुलपाचं भरतोय.”

हे काही त्या एका कुटुंबाचंच रडगाणं नाही. फुटपाथवासीयांच्या खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच मान्य केलं होतं की माणसं फुटपाथवर राहतात ती पोटासाठी, काम जवळ असतं म्हणून. निवारे कामाच्या ठिकाणाजवळ असावेत, असं सरकारी मार्गदर्शक सूचनाही सांगतात. मग निवाऱ्यानंतरचं घर तेवढं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर का?

वस्तीतल्या खोलीत पोराची पालिकेची शाळा तीच राहिली. शाळा बदलताना दाखला ताबडतोब मिळायला हवा, असा 2009 चा कायदा आहे खरा, पण ऐन फेब्रुवारीत नव्या वर्गात बसणारं पोर किती दिवस टिकतं ते आम्ही पाहिलंय. नाक्यावर तोंडओळख असते, वाण्याकडे उधारी चालते. पाऊस लागून आठवडाभर धंदा बसला, तर ती उधारीच भाडं वाचवते.

अर्थात, काम वसईच्या गाळ्यांत मिळणार असेल तर खुशाल नालासोपारा घ्या. बाई मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून दूर निघाली असेल, तर लांबच बरं.

वस्तीत घेणार असाल तर डिपॉझिट द्यायच्या आधी पाण्याची वेळ आणि विजेचा युनिटचा दर विचारा, आणि करार बाईच्या नावावर मागा. नोंदणीचा खर्च आम्ही देतो म्हटल्यावर दोन-तीन मालक तयार झाले. एकाने तर कागद लॅमिनेट करून दिला.