घरच्या वर्कशॉपसाठी बेंच ग्राइंडर: स्वस्त सहा इंची, ब्रँडेड की जुना बीडाचा?

घरात छोटा लेथ आला की पाठोपाठ बेंच ग्राइंडरची गरज पडतेच. एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) टूलला धार काढायची असते, ड्रिल बोथट झालेली असतात, छिन्नीचं डोकं फुललेलं असतं. बाजारात बघायला गेलं तर तीन वाटा दिसतात. दोन-तीन हजारांत मिळणारा बिननावाचा सहा इंची (म्हणजे सहा इंच व्यासाच्या दगडाचा), नावाजलेल्या कंपनीचा त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीचा, आणि बंद पडलेल्या वर्कशॉपमधून किंवा भंगारातून येणारा जुना, बीडाच्या बॉडीचा. बहुतेक जण किंमत आणि एचपी बघून ठरवतात. माझं म्हणणं असं की एचपी सर्वांत शेवटी बघा. मिनिटाला 2800 च्या वर फेरे घेणारा दगड ज्या चार साध्या भागांच्या भरवशावर असतो, ते फ्लँज (दगडाला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या चकत्या), बुश (दगडाच्या भोकात बसणारी नळी), गार्ड (दगडाभोवतीचं कव्हर) आणि टूल रेस्ट (घासताना टूल टेकवायची पट्टी) आधी बघा. तिन्ही पर्यायांतला खरा फरक तिथेच आहे.

स्वस्त सहा इंचीची मोटर सहसा वाईट नसते. आत साधी इंडक्शन मोटर आणि कंडेन्सर, ब्रश वगैरे काही नाही, त्यामुळे बिघडायला फारसं काही नसतं. फक्त खोक्यावरचा आकडा सोडून मशीनवरची पट्टी वाचा. अर्धा एचपी म्हणजे 373 वॅट. खोक्यावर अर्धा एचपी आणि पट्टीवर 150 वॅट असेल तर पट्टी खरी. पट्टीवर ‘S2 30 मिनिटं’ असं असेल तर मोटर सलग अर्धा तासच चालवायची आणि मग पूर्ण गार होऊ द्यायची. टूलला धार लावणाऱ्याला एवढं पुरतं. वेल्डिंग घासणाऱ्याला पुरत नाही.

पैसे वाचवलेले असतात ते दगडाच्या पकडीत. उदाहरण म्हणून एका बाजूचं कव्हर उघडून बघा. (प्लग काढूनच. आणि डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात, तो नेहमीच्या उलट दिशेने सुटतो. जोर लावून आटे मारू नका.) फ्लँज बाहेर आला की हातात घेऊन कडेवरून बोट फिरवा. स्वस्त मशीनमध्ये तो बहुधा पत्र्याचा, प्रेसमध्ये ठोकलेला असतो. कडेला बर (धातूची धारदार कोर) राहिलेली, सपाट काचेवर ठेवला तर डुगडुगतो. चांगला फ्लँज मशीनवर काढलेला असतो, मधोमध थोडा खोलगट, म्हणजे दाब फक्त बाहेरच्या कडेने दगडावर येतो. दोन्ही बाजूंचे फ्लँज एकाच व्यासाचे हवेत आणि दगडाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश. 150 मिमीच्या दगडाला 50 मिमी. फ्लँज आणि दगड यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा वायसर हवाच. तो नसेल तर धातू थेट दगडावर एका-दोन ठिकाणी टेकतो, आणि नट आवळताना तिथूनच दगडाला चीर जाऊ शकते.

दुसरी तपासणी पेन्सिलची. टूल रेस्टवर पेन्सिल घट्ट धरून टोक दगडाच्या बाजूला जेमतेम लागेल असं ठेवा आणि दगड हाताने सावकाश फिरवा. टोक एका जागी टेकतं आणि समोरच्या बाजूला स्पष्ट फट दिसते, म्हणजे दगड वाकडा बसलाय. हे फ्लँजमुळे की शाफ्टमुळे, ते दगड काढून शाफ्टवर डायल गेज (वाकडेपणा मोजणारं घड्याळ) लावलं की कळतं. फ्लँजचं दुखणं असेल तर घाबरायचं कारण नाही, लेथ असलेल्या माणसाला नवे फ्लँज काढणं संध्याकाळचं काम आहे. शाफ्ट वाकडा असेल तर मशीन परत करा, त्याच्यावर वेळ घालवू नका.

ब्रँडेडमध्ये बॉशचं उदाहरण घेऊ. जीबीजी 35-15 हा 150 मिमी, 350 वॅटचा आणि वजन साधारण 10 किलो. जीबीजी 60-20 हा 200 मिमी, 600 वॅटचा, 15 किलोच्या आसपास. इथे जास्तीचे पैसे गार्ड, दगडाची पकड, वायरिंग आणि पुढे मिळणारे सुटे भाग यांना जातात, आणि ते देण्यासारखे आहेत. पण या वर्गातलं कुठलंही मशीन घेतलं तरी टूल रेस्ट लेथच्या टूलसाठी लहानच वाटतो; जाड पट्टीचा, कोन बदलता येणारा रेस्ट स्वतः करून बाजूला बोल्ट करावा लागतो. आणि सोबत आलेले दगड सर्वसाधारण कामाचेच असतात.

जुन्या बीडाच्या ग्राइंडरबद्दल मला मनापासून आस्था आहे. जुना रॅलीवुल्फ किंवा त्या काळातलं कुठलंही जड मशीन सुरू केलं की टेबल थरथरत नाही, आणि टूलवर धार एकसारखी उतरते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कारखाना बंद होताना निघणाऱ्या मालात अशी मशीन दिसतात. मात्र तीन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिली, मोटर थ्री फेजची आहे का? कारखान्यातली पुष्कळ मशीन तशी असतात आणि घरी सिंगल फेज असतो; मग व्हीएफडीचा (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणाऱ्या यंत्राचा) खर्च धरा. दुसरी, गार्ड जागेवर आहेत का? वापरणाऱ्यांनी ‘आड येतं’ म्हणून ते काढून फेकलेले असतात. नसतील तर जाड पत्र्याचे करून घेता येतील याची खात्री असल्याशिवाय मशीन घेऊ नका. तिसरी, बेअरिंग. आवाज येत असेल तरी चालेल, नवी बेअरिंग स्वस्त पडतात. वाइंडिंगचा जळका वास येत असेल तर रिवाइंडिंगचा भाव विचारून मगच सौदा करा. चालवून न दाखवणाऱ्याकडून घेऊच नका.

आठ इंचीचा मोह अनेकांना होतो, म्हणून हे सविस्तर सांगतो. फेरे तेवढेच राहिले आणि दगड 150 × 20 चा 200 × 25 मिमी झाला, तर फिरत्या दगडात साठलेली ऊर्जा जवळजवळ चौपट होते. दगड फुटला तर ती सगळी गार्डवर येते. सहा इंचीला जेमतेम पुरणारा पातळ पत्रा आठ इंचीला लावून विकलेलं बिननावाचं मशीन हा या सगळ्या यादीतला सर्वांत वाईट सौदा आहे. आठ इंची हवाच असेल तर ब्रँडेड किंवा जुना जड. आणि सहा इंचीचं गार्ड काढून त्यावर आठ इंची दगड चढवलेला कुठे दिसला, तर त्या मशीनसमोर उभेसुद्धा राहू नका.

मशीन कुठलंही घेतलंत तरी दगडासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा. सोबत येणारा करडा दगड बहुधा जाडाभरडा आणि कडक बाँडचा (कण घट्ट धरून ठेवणारा) असतो. तो लवकर गुळगुळीत होतो, मग घासण्याऐवजी तापवतो आणि टूल निळं पडतं. एचएसएससाठी पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, 60 किंवा 80 ग्रिट, के ग्रेडच्या (म्हणजे मऊसर बाँडच्या) जवळपासचा दगड घ्या; कार्बाइडसाठी हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा. कार्बोरंडम युनिव्हर्सल आणि ग्राइंडवेल नॉर्टन या दोन भारतीय कंपन्यांचे दगड सहज मिळतात. ग्राइंडवेलची सुरुवात तर आपल्या उरणजवळच्या मोऱ्यात 1941 मध्ये झाली. दगडावर छापलेला कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा. 35 मीटर प्रति सेकंदाच्या 150 मिमी दगडाला ही मर्यादा साधारण 4450 आरपीएम येते, म्हणजे आपल्या 50 हर्ट्झच्या मोटरला भरपूर वाव आहे.

बसवण्याआधी दगड भोकात बोट किंवा काडी घालून लोंबता धरा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत चीर आहे असं समजून तो तिथेच फोडून टाका, म्हणजे दुसरा कुणी उचलून लावणार नाही.

टूल रेस्ट आणि दगड यांच्यात जास्तीत जास्त 3 मिमी फट ठेवा, गार्डच्या वरच्या टोकाला असलेल्या सरकत्या जिभेपाशी 6 मिमी. अमेरिकेतल्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेच्या नियमातही हेच आकडे आहेत, इंचांत एक अष्टमांश आणि एक चतुर्थांश. फट वाढली की काम आत ओढलं जातं, मागोमाग बोट. स्वस्त मशीनमध्ये रेस्टची खाच इतकी आखूड असते की दगड थोडा झिजला की रेस्ट पुढे सरकतच नाही. दुकानातच ही खाच बघून घ्या. दोन पिनांचा प्लग असलेलं मशीन धातूच्या बॉडीचं असेल तर ते नाकारा, किंवा तीन कोअरची वायर टाकून अर्थिंग करून घ्या. हातमोजे नकोत, ॲल्युमिनियम आणि पितळ या दगडांवर नको, सपाट दगडाच्या बाजूवर घासणं नको.

माझा सल्ला विचाराल तर असा. लेथची टूल आणि ड्रिल एवढंच काम, बजेट बेताचं, आणि स्वतः फ्लँज-रेस्ट करायची तयारी असेल तर स्वस्त सहा इंची घ्या, पण दुकानात उघडून बघून, आणि लगेच पांढरा दगड लावून. ऑनलाइन घेत असाल तर परत करायची मुदत संपायच्या आत पेन्सिलची तपासणी उरका. मशीनवर काम करण्यात रस नाही, नुसतं वापरायचंय, किंवा घरात आणखी कुणी वापरणार असेल, तर ब्रँडेड सहा इंची. जागा पक्की आहे, बाक जड आहे आणि शोधाशोध करायची सवड आहे, तर गार्डसकट मिळालेला सिंगल फेजचा जुना बीडाचा. त्याच्यासमोर बाकीचे दोन्ही फिके. तिन्हींपैकी कुठल्याही मशीनवर नवा दगड बसवला की सगळी कव्हरं लावून, स्वतः दगडाच्या रेषेतून बाजूला उभं राहून, पहिलं मिनिटभर मशीन रिकामंच फिरू द्या.