फूड लायसन्सचे पैसे घेतले आणि हातात शंभर रुपयांची नोंदणी ठेवली

जाऊबाई आणि मी मिळून डब्यांचा व्यवसाय करतो. घरच्या ओट्यावर सुरू केलेलं काम वाढत गेलं, गाळा घेतला, मदतीला बायका आल्या आणि 2023 मध्ये एका कारखान्याच्या कॅन्टीनचं काम मिळायची वेळ आली. कारखान्याने अट घातली की अन्न व्यवसायाचा राज्य परवाना, म्हणजे स्टेट लायसन्स, पाहिजे. ते काढून देतो म्हणून एका एजंटाने आम्हाला जे केलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण असे एजंट गल्लोगल्ली आहेत आणि मेस, केटरिंग, पोळीभाजी करणाऱ्या बायकाच त्यांच्या तावडीत जास्त सापडतात.

तेव्हाचा नियम असा होता: वर्षाची उलाढाल 12 लाखांपर्यंत असेल तर नुसती नोंदणी, तिची फी वर्षाला 100 रुपये. त्यापुढे 20 कोटींपर्यंत राज्य परवाना, आणि केटरिंगसाठी त्याची फी वर्षाला 2,000 रुपये. दोन्ही गोष्टी फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर होतात आणि आपल्याकडे राज्याचं अन्न व औषध प्रशासन ते काम बघतं. आमची उलाढाल 12 लाखांच्या वर गेलेली होती, म्हणजे परवानाच लागणार होता.

एजंट ओळखीतून आला. लॅपटॉप घेऊन थेट गाळ्यावर. "ताई, आधार, फोटो आणि भाडेकरार तेवढा द्या, बाकी सगळं माझ्यावर सोडा." साडेचौदा हजार सांगितले. त्यातले दहा हजार सरकारी फी आणि उरलेली त्याची धावपळ, असा हिशेब त्याने जाऊबाईंना कागदावर मांडून दाखवला. सरकारी फीची पावती मागितली तर म्हणाला, "ती सर्टिफिकेटबरोबरच येते." आठवडाही झाला नसेल, प्रमाणपत्र हजर. लॅमिनेशन केलेलं, कोपऱ्यात सोनेरी स्टिकर. जाऊबाईंनी त्याला हळदकुंकू लावून भिंतीवर टांगलं.

कारखान्याच्या ऑफिसात ते दाखवलं तेव्हा तिथल्या साहेबांनी नंबरावर बोट ठेवलं आणि कागद परत दिला. चौदा आकडी नंबर, आणि पहिला अंक 2. परवान्याचा नंबर 1 ने सुरू होतो, 2 ने सुरू होते ती नोंदणी. कागद खोटा नव्हता, आणि खरी मेख तिथेच आहे. पोर्टलवर तो नंबर टाकला की आमचं नाव येत होतं, पत्ता येत होता, मुदत चालू दिसत होती. कुणीही बघून "बरोबर आहे" म्हणेल. पण व्यवसायाच्या प्रकारात केटरिंगऐवजी किरकोळ विक्रेता लिहिलं होतं, आणि उलाढाल 12 लाखांच्या आत दाखवली होती. ही खोटी माहिती आमच्या नावाने, आमच्या फोटोसकट सरकारदरबारी गेलेली. उद्या तपासणी झाली असती तर जाब आम्हालाच विचारला असता, एजंटाला नाही. साडेचौदा हजारांतून सरकारकडे गेले ते 100 रुपये.

कॅन्टीनचं काम दुसऱ्याला गेलं. त्याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त त्रास पुढे झाला.

अर्जात मोबाइल नंबर आणि ईमेल एजंटाने स्वतःचे घातले होते. त्यामुळे ओटीपी त्याच्याकडे, लॉगिन त्याच्याकडे. दुरुस्ती करायची, नोंदणी परत करायची, नवा अर्ज भरायचा, काहीही करायला गेलं की मेसेज त्याच्याच फोनवर. त्याला फोन केला तर म्हणाला, "अपग्रेड करावं लागेल, नऊ हजार होतील." माझ्या मते सगळ्या प्रकारात हे सर्वात वाईट आहे. पैसे एकदा बुडाले की बुडाले, पण लॉगिन दुसऱ्याच्या हातात असेल तर पुढच्या प्रत्येक कामाला तो आपल्याला कोपऱ्यात घेऊ शकतो.

शेवटी आम्ही अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला, ओळखपत्र आणि भाडेकरार जोडून. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, आमचा मोबाइल नंबर लावून घेतला आणि मग परवान्याचा अर्ज आम्ही स्वतः भरला. भाचीने शेजारी बसून मदत केली. फार अवघड नाही हो ते. फी ऑनलाइन भरली की पावती लगेच निघते आणि अर्जाचा नंबर मिळतो, त्यावर अर्ज कुठे पोचला ते घरबसल्या दिसतं. परवान्याला नोंदणीपेक्षा वेळ लागतो. कायद्यात कार्यालयाला 60 दिवसांची मुदत आहे, मधे त्रुटी काढतात, जागा बघायलाही येऊ शकतात. म्हणून कुणी "चार दिवसांत स्टेट लायसन्स" म्हणत असेल तर तिथेच सावध व्हा. गुगलवर शोधताना वर येणाऱ्या जाहिराती बऱ्याचदा खासगी एजंटांच्या असतात, रंगरूप अगदी सरकारी. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का ते बघूनच पुढे जा.

एजंट ठेवायला हरकत नाही, सगळ्यांनाच हे जमतं असं नाही. पण मोबाइल आणि ईमेल आपलाच घालायला लावा, भरलेला अर्ज डोळ्यांखालून घाला, आणि पोर्टलची फीची पावती हातात आल्याशिवाय त्याचे पैसे देऊ नका.

पोलिसांत तक्रार दिली आहे, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि त्याच्या हातचा तो हिशेबाचा कागद जोडून. पैसे अजून परत आलेले नाहीत. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडकवून ठेवणं कठीण होतं.

अर्ज भरल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन आला. "अन्न सुरक्षा अधिकारी बोलतोय, तपासणीचे अडीच हजार या नंबरवर पाठवा, नाहीतर अर्ज रद्द होईल." जाऊबाईंनी नाव, हुद्दा आणि कोणत्या कार्यालयातून बोलताय ते विचारलं. फोन कट झाला. कार्यालयात चौकशी केली तेव्हा कळलं की तिथून कुणीच फोन केलेला नव्हता, आणि तपासणीसाठी असे पैसे कुणाच्या यूपीआयवर मागितलेच जात नाहीत.