कोंबड्यांचा खाऊ, सुकवलेल्या अळ्या, 250 ग्रॅम : पाचपैकी अडीच

पोरगा पुण्यात नोकरीला. आईच्या कोंबड्यांसाठी म्हणून त्यानं आषाढात ऑनलाइन हे पाकीट मागवून थेट गावी पाठवलं. किंमत 299. कुरिअरवाला आमच्या फाट्यापर्यंतच येतो, त्यामुळे दूधवाल्याच्या डब्यांसोबत ते घरी पोचलं. उघडून पाहते तर वाळलेल्या, खडखडीत, तपकिरी अळ्या. सासूबाईंनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "काऊन वं, आपल्या उकिरड्यावरच्या अळ्या सरल्या का?"

माझ्याकडे 24 कोंबड्या. 17 तांबड्या आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड जातीच्या, बाकी गावरान. सकाळी लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, दुपारी मोकळ्या. अंडं घरीच 10 रुपयाला जातं.

आधी चांगलं सांगते. कोंबड्या या खाऊसाठी वेड्या होतात. मूठभर टाकला की अंगणात कापूस वेचायच्या दिवसांसारखी धावपळ. वास फारसा नाही, हाताला चिकटत नाही. अळ्यांमध्ये प्रथिनं भरपूर असतात, त्यात खोटं काही नाही. पिसं झडायच्या दिवसात थोडा दिला तर कामी येतो, कारण पिसं बनतातच प्रथिनांची.

पण पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलंय, 'अंडी वाढवा, रोज मनसोक्त द्या'. त्या मनसोक्तनं माझा घात केला.

एक कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते. म्हणजे माझ्या 24 जणी अडीच किलोच्या वर. खाऊ, खरकटं, भाजीचे देठ सगळं मिळून त्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ नये, हा नियम मला नंतर कळला. दहावा हिस्सा म्हणजे पाव किलो, अख्खं पाकीटच. मी अळ्या तर टाकतच होते, वरून शेजारच्या तेरवीतला उरलेला गंजभर भातही चार दिवस चारला. पोट भरल्यावर मॅशकडे कोण बघतं? गव्हाणीत मॅश तसाच. तिसऱ्या आठवड्यात रोजच्या 16 अंड्यांची 11 झाली. दोन तर टरफलाशिवाय, नुसती पडद्यातली, हातात घेतली की लिबलिबीत. मॅशमधलं कॅल्शियम पोटात गेलंच नाही, तर टरफल येणार कुठून?

हिशोबही सांगून टाकते. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम रोज टाकलं तर पाकीट आठ दिवसांत खलास. दिवसाला 37 रुपये. तेवढ्यात मॅश किलोभर येतो. जवळजवळ चार अंड्यांची कमाई खाऊत गेली.

आणखी एक तक्रार, पाकिटाची चेन. श्रावणाच्या सर्द हवेत ती नीट लागेना, तळाच्या अळ्यांना बुरशी आली. तेवढा भाग मी चुलीत टाकला. बुरशीचं काही कोंबडीला देऊच नये, मग ती भाकर असो की शेंगदाण्याची ढेप. ढेपीतल्या बुरशीचं विष कोंबडीच्या यकृताला लागतं.

ढेपीवरून आठवलं. नाल्याला पूर होता, मॅशचं पोतं आणता येईना, म्हणून आठवडाभर बैलाची सरकी ढेप भिजवून कण्यांत मिसळली. कोंबड्यांनी निमूट खाल्ली. श्रावणात अंडं कोणी घेत नाही, ती टोपलीत साठत गेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गुरुजींनी डझनभर नेली आणि तासाभरात परत आणली. बलक शेवाळासारखा हिरवट-तपकिरी! मला वाटलं रोग आला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "काकू, सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असते, ते बलकातल्या लोहाशी जुळते. अंडं ठेवून ठेवलं का रंग येते." पैसे परत केले, गुरुजी अजून हसतात. कपाशीच्या मुलखातल्या बाईला हे ठाऊक नसावं, याची मलाच लाज वाटली.

मग घरातलं काय चालतं? माझ्या कोंबड्यांना ज्वारीच्या भाकरीचा चुरा, कोहळ्याच्या बिया, टरबुजाची सालं, पालकाचे देठ, शेवग्याचा पाला आवडतो. बलक पिवळाधमक होतो तो पाल्यानं आणि मक्यानं, नुसत्या ज्वारीनं फिका राहतो. हिरवट बटाट्याची सालं नाही. कच्चं सोयाबीन नाही, आमच्याकडे ते खळ्यावर सांडलेलंच असतं, पण भाजल्या-उकडल्याशिवाय ते पचनाला आडवं येतं. रस्सा-वरणाचा तळही नाही, मिठापायी आणि तेलापायी. तिखटाचं मात्र कोंबडीला काहीच नाही, मिरचीची आग पक्ष्यांना लागत नाही. आमच्या घरच्या सावजी रश्शानं पाहुणे घामाघूम होतात, कोंबडी मिरचीच्या बिया टिपत शांत उभी.

अंड्याची टरफलं मी उन्हात वाळवून पाट्यावर बारीक वाटते. ओळखू येतील अशी टाकली तर कोंबडीला स्वतःचंच अंडं फोडायची चटक लागते. ही पूड संध्याकाळी ठेवते, कारण टरफलाचं काम बहुतेक रात्रीच चालतं. फुकटातली ही वस्तू त्या 299 च्या पाकिटापेक्षा जास्त कामाची.

तरी अडीच तारे का दिले? एक काम त्या अळ्यांनी खरंच केलं. दिवस मावळताना माझ्या तांबड्या तुरीच्या वावरात शिरायच्या, आणि धुऱ्यावर मुंगसाची जोडी टपलेली. मागच्या वर्षी तीन गेल्या. हाका मारून, काठी आपटून घसा बसायचा. आता पाकीट नुसतं हलवलं, तो खडखड आवाज ऐकला की तुरीतून लाल माना वर येतात आणि सगळ्या खुराड्याकडे पळत सुटतात. दोन मिनिटांत दार लावून मोकळी.

पाकीट कधीच रिकामं झालं. दुसरं मागवू का म्हणून पोराचा फोन आला, मी म्हटलं, त्यापेक्षा कॅल्शियमसाठी शिंपल्याची गिट्टी पाठव. त्याच पाकिटात मी ज्वारी भरली आहे, वर दोन-चार उरलेल्या अळ्या. खडखड अजून तशीच येते. फक्त एक म्हातारी गावरान हल्ली वावरातनं मान वर करते, क्षणभर ऐकते आणि परत चरायला लागते.